आडवं पडायची जागा

धाकट्या नणंदेचं दुसरं लग्न झालं आणि ती सासरी गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. नणंदेचं भलं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. फक्त अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या उशाशी रात्री जागायला दोघी होत्या, तिथं एकटीच उरली. दुकानदाराची बायको. दिवसा सांभाळायला बाई मिळाली होती. रात्रीसाठी कोणी मिळेना.

दुकान गरम पाण्याच्या टबांचं. हॉट टब म्हणतात ते. घरातल्या चारचौघांनी एकत्र बसून शेकावं असे मोठे. दुकानात ते कोरडेच मांडलेले असत. गिऱ्हाईक चपला काढून आत उतरायचं, पाणी असल्यासारखं अंग सैल सोडायचं आणि मग आपलं आपणच हसायचं.

कोपऱ्यातल्या जुन्या मॉडेलमध्ये एक बैठक आडवी होती. मानेखाली उंचवटा, पाय लांब सोडायला जागा. दुपारी नवरा जेवायला घरी गेला की ती त्यात उतरायची. दाराला घंटी होती. ती वाजेपर्यंत मेल्यासारखी झोपायची.

कंपनीचा माणूस नव्या मालाची चित्रं घेऊन आला, तेव्हा त्यानं त्या टबावर टिचकी मारली. "वहिनी, ही आडवी बैठक आता कोणाला नको. आता सगळे समोरासमोर बसणार, दिवे रंग बदलणार, पाणी फोनवरून तापणार. सोमवारी नवे टब येतायत. हे धूड काढा."

"लोकांना आडवं पडायचं नसतं?"

"लोकांना गप्पा मारायच्या असतात, वहिनी."

"त्यांची झोप झालेली असेल," ती म्हणाली.

नवऱ्यानं त्या टबाची किंमत उतरवून पाहिली, तरी तो जागचा हलेना. नवे मात्र ती हातोहात विकायची. "हिच्या जिभेवर साखर आहे," असं तो येईल त्याला सांगे. साखर कसली! जुन्या टबाकडे कोणी वळलं, की ती म्हणायची, "तो राहू द्या, तो आता कोणी घेत नाही." घोडं तिथं पेंड खात होतं.

शनिवारी एक जोडपं आलं. गृहस्थ मोठ्या आवाजाचा. तडक दिव्यांच्या टबापाशी गेला आणि दुकानदाराला एकेक बटण विचारू लागला. बायको मागं राहिली. डोळ्यांखाली काळं, पदराला दुधाचा सुकलेला डाग. ती फिरत फिरत कोपऱ्यात आली.

"ह्यात बसून बघू का जरा?"

तो राहू द्या, हे शब्द दुकानदाराच्या बायकोच्या ओठावर आले होते. पण तोवर त्या बाईनं चपला काढल्या, आत उतरली आणि मान टेकली. "क्षणभरच हं," ती म्हणाली. पिशवी छातीवर धरून तशीच झोपली.

"अगं, इकडे ये! हा बघ निळा झाला!" तिच्या नवऱ्यानं हाक मारली. मग उत्तर येईना म्हणून तो स्वतःच आला. "झोपली? भर दुकानात? कमाल आहे बाई!"

त्यानं तिच्या खांद्याला हात घातला. दुकानदाराच्या बायकोनं तो हात मनगटाशी धरला. परक्या पुरुषाचा हात तिनं जन्मात कधी धरला नव्हता.

"हलवू नका. घरी कोण आजारी आहे?"

"आजारी? छे! जुळी आहेत. आज आत्याकडे ठेवलीत. दोघं एका वेळी झोपतील तर शपथ."

"रात्री उठतं कोण?"

"म्हणजे, तीच. मला सकाळी कामावर जावं लागतं ना."

दुकानदाराच्या बायकोनं त्याचं मनगट सोडलं. मग म्हणाली, "साहेब, तुम्ही हाच न्या. त्या नव्यात ह्या बसतील. ह्यात पडतील."

"अहो, पण ह्याला दिवे नाहीत!"

"तेच बरं. आणि पाणी घाईनं भरू नका. नंतर भरलंत तरी चालेल."

दुकानदार हातातलं फडकं तसंच धरून उभा होता. जुन्या टबाबद्दल तिला चांगलं बोलताना त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी हमालांनी टब उचलून कलता केला, तेव्हा आडव्या बैठकीच्या फटीतून खळखळ करत काहीतरी फरशीवर सांडलं. केसांचे काळे आकडे. चांगले मूठभर. हमाल हसले आणि टब घेऊन गेले. दुकानदार वाकला, एक आकडा उचलला, बायकोच्या अंबाड्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"वन्सं सासरी गेल्या तेव्हापासून."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? टब विकू नका म्हणून?"

 त्यानं गुडघ्यावर बसून सगळे आकडे वेचले आणि सदऱ्याच्या खिशात घातले. टब उचलला तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ होती. त्या उजळ जागेकडे पाहत तो म्हणाला, "आजपासून आईजवळ एक रात्र तू, एक रात्र मी."

सासूबाई त्याच वर्षी, थंडी सरता सरता, एका पहाटे गेल्या. पाळी मुलाची होती. तो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. आतल्या खोलीत ती पलंगावर पाय लांब सोडून आडवी होती, आणि जागी होती.