कोऱ्या कोल्हापुरी

जयपूरच्या मराठी प्रार्थनासभेत गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकमेकांचे पाय धुतात. शामरावांच्या वाट्याला नेमका तो नवा माणूस आला. मागच्या रविवारी भर दुपारी दाराबाहेरून त्यांच्या चपला गेल्या, तेव्हा आत डोळे मिटून हाच एकटा बसला होता. ‘चोरी करून वर भक्तीचं सोंग,’ असं पुटपुटत शामराव त्याच्याच कोऱ्या कोल्हापुरी घालून घरी गेले. आज त्याचा पाय परातीत घेतला, तर तळव्यावर भाजल्याचे फोड. चोर असता तर अनवाणी कशाला गेला असता? “आता तुम्ही बसा,” पाळकसाहेब म्हणाले. “माझे राहू द्या,” शामरावांनी पाय मागे ओढले. पण तो खाली बसलासुद्धा. त्यांच्या अंगठ्याजवळची जखम त्याने हलकेच धुतली आणि त्यांनाच ऐकू येईल असं म्हणाला, “नव्या आहेत, म्हणून चावतात. तेल लावा, मऊ पडतील.”