चिंचोक्याएवढा चेहरा

तिसरी प्लेटही पुसट निघाली. मोरोपंतांनी ती लाल दिव्यासमोर धरली, तोंडात आलेली शिवी गिळली आणि काळोख्या खोलीतून बाहेर आले.

"जमलं का, भाऊ?" बाकावरून पार्बताबाईंनी विचारलं.

"जमतंय. बसा."

त्या सकाळपासून बसलेल्याच होत्या. तेल्हाऱ्याच्या शाळेतला हुतूतूच्या संघाचा फोटो त्या चौकटीसकट अकोल्याला घेऊन आल्या होत्या. मागच्या रांगेत, अगदी टोकाला त्यांचा देवमन, चेहरा चिंचोक्याएवढा. पोरगा मुदतीच्या तापात गेला त्याला वर्ष झालं होतं. त्याचा दुसरा फोटो नव्हता. तेवढा चेहरा मोठा करून त्यांना घरी न्यायचा होता. हेडमास्तरांनी चौकट एका दिवसाच्या बोलीवर दिलेली, ती संध्याकाळच्या एस.टी.नं परत जायची होती.

मोरोपंत पुन्हा काळ्या कापडाखाली शिरले. कॅमेऱ्याचा भाता पुरता ताणलेला. मागच्या दुधी काचेवर देवमनचा चेहरा उलटा, पण लख्ख दिसत होता, कानाची पाळीसुद्धा. मग काचेवर दिसतं ते प्लेटवर का उतरत नाही? पहिल्या वेळी त्यांनी रस्त्यावरच्या बैलगाड्यांच्या हादऱ्यांना दोष दिला होता, दुसऱ्या वेळी भिंगाला. आता बायकोची, सिंधूबाईंची पाळी होती.

"तू आत खलबत्त्यात कुटत होतीस!"

"मी केव्हाची मेथी निवडतेय," आतून उत्तर आलं.

मोरोपंत संतापानं काच पुसू लागले. कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका होता. परवा खंडेनवमीला कॅमेरा धुऊनपुसून, सुटा करून पाटावर मांडला होता. तेव्हा काचेच्या गुळगुळीत बाजूला त्यांनीच बोट टेकवलं होतं. दसऱ्यानंतरचं हे पहिलंच काम. ठिपका काही निघेना. थुंकी लावली, तरी निघेना. मग लक्षात आलं की ठिपका काचेच्या आतल्या बाजूला आहे.

म्हणजे गुळगुळीत बाजू आत गेली होती आणि चित्र धरणारी खरखरीत बाजू बाहेर राहिली होती. काचेच्या जाडीएवढा फरक! चित्र जिथे नेमकं उमटत होतं, तिथे प्लेट बसतच नव्हती.

"पूजेनंतर काच कोणी बसवली?" ते ओरडले.

सिंधूबाई दारात आल्या. "अहो, सोवळं सोवळं करत तुम्ही त्या दिवशी मला कॅमेऱ्याजवळ फिरकू तरी दिलं होतं का?"

वीस वर्षं धंदा करून हे आपल्याच हातून व्हावं, याची मोरोपंतांना भयंकर लाज वाटली. त्यांनी काच काढली, फिरवली, बसवली.

चौथी प्लेट लख्ख निघाली. पण छापलेला कागद पाण्यातून वर काढला आणि त्यांना रडूच आलं. पुसट होतं तोवर डोळ्यांच्या जागी नुसता डाग तरी होता. आता पापणीचा केस न् केस दिसत होता, आणि पापण्या मिटलेल्या होत्या. ऐन फोटोच्या वेळी पोरानं डोळे मिटले होते; काचेवरच्या उलट्या चेहऱ्यात ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवसभराची हमाली आणि हाती काय, तर झोपलेला मुलगा. मेलेल्या मुलाचा असा फोटो आईला द्यायचा कसा?

ओला कागद हातात धरून ते बाहेर आले. तो न दाखवताच म्हणाले, "बाई, थोडं काम राहिलंय. डोळे मिटलेत त्याचे. ब्रशानं उघडे करून देतो, कोणाला कळायचंसुद्धा नाही. असे पुष्कळ केलेत मी."

पार्बताबाईंनी हात पुढे केला. कागद घेतला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. पदरानं आधी डोळे पुसले, मग कागदाच्या कडेचं पाणी.

"उनात त्याचे डोये असेच मिटत," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतो. दोन मिनिटांचं काम आहे. आणा इकडे."

त्यांनी कागद छातीशी धरला.

"राहू द्या, भाऊ. लोकाचे डोये त्याले कायले लावता?"