आवाजाची चाचणी

लॅपटॉपची परीक्षणं लिहिणाऱ्या लेकीने बाबांना सांगितलं, "आता आवाज मोजायचाय हं," आणि दार ओढून घेतलं. कमी तापणाऱ्या एआरएम प्रोसेसरच्या नव्या एआय लॅपटॉपला तिने भराभर चित्रं काढायच्या कामाला जुंपलं. जुन्याचा पंखा एव्हाना गिरणीसारखा घरघरला असता. याने हूं की चूं केलं नाही. आवाजमापकाचा काटा तळाशी टेकला.

"शाबास रे पठ्ठ्या," ती पुटपुटली आणि तिच्या काळजात धस्स झालं. भिंतीपलीकडून सकाळपासून येणारा बाबांचा दम्याचा खोकलाही थांबला होता.

देवाचा धावा करत तिने दार ढकललं.

बाबा तोंडावर उशी गच्च दाबून बसले होते. डोळे लालबुंद, पाण्याने भरलेले.

"झालं का गं मोजून?" त्यांनी उशीआडून विचारलं. "आता खोकू का?"