उंच कठड्यांचा पलंग

"उंच कठड्यांचाच घेऊ," श्रीरंग म्हणाला. बंगळुरूहून दोन दिवसांसाठी आलेला माझा धाकटा भाऊ रुग्णांच्या पलंगांच्या दुकानात शिरल्यापासून पलंग वर-खाली करायचा रिमोट हातातून सोडत नव्हता. "कठडे वर केले, की आई रात्रभर पडून राहील. तुलाही झोप मिळेल."

"माझ्या झोपेची काळजी तू नको करूस. आई आयुष्यभर जमिनीवर झोपली. जाग आली, की उठून अंथरुणाची घडी घालते. डिमेन्शियाने बाकी सगळं पुसलं, एवढं राहिलंय. ती हे कठडे ओलांडायला जाणार आणि डोक्यावर आपटणार. पार जमिनीपाशी खाली येतो, तो पलंग घ्यायचा."

"ताई, उगाच भावनिक होऊ नकोस. सेफ्टी महत्त्वाची."

माझं डोकंच फिरलं. "झोप यात."

"काय?"

"झोप म्हणते ना!"

दुकानदारासमोर तमाशा नको म्हणून तो आडवा झाला. मी त्याच्या हातातला रिमोट घेतला, दोन्ही कठडे वर केले, पलंग उंच चढवला आणि रिमोट पर्समध्ये टाकला. "आता जा बाथरूमला."

त्याने हसतहसत एक पाय बाहेर टाकला. पँट कठड्यात अडकली आणि हसू संपलं. "ताई, पुरे! खाली घे मला!"

इतका वेळ खुर्चीत बसून दुकानातल्याच एका चादरीची घडी घालणारी आई उठली. कठड्यातून हात घालून तिने त्याची पाठ थोपटली आणि माझ्याकडे रागाने पाहिलं.

"कुणाचा गं हा? याला घरी कुणीच नाही का?"