दुसरा पुतळा

पाणी पलंगाखाली खळखळू लागलं तेव्हा ऋषभ आणि यशवर्धन धावत आत आले, कोपऱ्यातला पुतळा उचलला आणि चालते झाले. पलंगावर प्रतापराव बसलेले होते. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

आता यात पोरांची तरी काय चूक म्हणा. पुरातून माणसं कशी काढायची ते शिकवायला शाळेच्या पूर्वा मॅडम इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागातल्या या गल्लीत आल्या, तेव्हा बुडणारा म्हातारा व्हायला त्यांनी आधी प्रतापरावांनाच विचारलं होतं. प्रतापराव असे भडकले की विचारू नका. खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार, आणि ह्यांनी पोरांच्या खांद्यावर लोंबकळत जायचं?

"आमच्या घराण्यात कुणी वाचवून घेत नाही," ते म्हणाले.

मग चिंध्यांचा पुतळा आला. त्याला प्रतापरावांचाच जुना कोट चढला. दर रविवारी त्यांच्याच घरात तालीम व्हायची, आणि प्रतापराव पलंगावर बसून पोरांच्या चुका काढायचे. पोरं एकदम तयार झाली. पुतळ्याला असं अलगद नेत, की सख्ख्या बापालाही कुणी नेणार नाही.

आज नदी खरोखर गल्लीत शिरली आणि पोरांचे हात सवयीने चालले. चुका काढणारा माणूसही बुडू शकतो, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. यशवर्धनने जाता जाता विचारलंसुद्धा, पकड बरोबर आहे ना, काकाजी? प्रतापरावांनी सवयीने मान डोलावली.

आता घरात ते एकटे. गुडघे केव्हाच कामातून गेलेले, पोहणं कधी आलंच नाही. एक हाक मारली की पोरं धावत आली असती. पण तेवढी हाक काही गळ्यातून निघेना. मेलं ते घराणं! भीतीने त्यांना रडूच फुटलं.

पाणी गादीला लागलं. प्रतापरावांनी डोळे पुसून घट्ट मिटले, हातपाय ताठ केले आणि आडवे झाले.

वर शाळेच्या गच्चीवर काकाजी दिसत नाहीत हे पूर्वा मॅडमच्या लक्षात आलं, तशा त्या दोघांना घेऊन धावत आल्या. पलंगाकडे बघून ऋषभचं तोंड उघडलं. मॅडमनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"दुसरा पुतळा राहिलाय," त्या म्हणाल्या. "हळू उचला. याला दुखतं."