पहिल्या रांगेत

उत्तमराव इस्त्रीचा झब्बा घालून हॉलमध्ये सतरंजीवर बसले, तेव्हा उर्मिलाला हसूच आलं.

"अहो, तुम्ही तिला दिसणार नाही आहात. कॅमेरा तिकडे आहे, दिल्लीत."

"म्हणून काय मैफलीला लुंगीवर बसू?"

उत्तमरावांना डायलिसिसमुळे दिल्ली जमणार नव्हती, म्हणून लेकीनं, नेत्रानं, हा डोळ्यांवर बांधायचा डबा नवघरला कुरिअरनं पाठवला होता. बांधला की माणूस थेट सभागृहात, पहिल्या रांगेत. मान वळवली की शेजारी बसलेलेसुद्धा दिसतात. उत्तमरावांनी तर एका गृहस्थांना नमस्कारही केला. त्यांनी काही उलट केला नाही.

नेत्राची ही पहिली मोठी मैफल. तिला सा लावायला उत्तमरावांनीच शिकवलं, रोज ऑफिसला पळायच्या आधी, ह्याच हॉलमध्ये. अलीकडे ती दिल्लीच्या मोठ्या गुरुजींकडे होती. असेना का! आज गाण्याआधी ती कानाच्या पाळीला हात लावून गुरूचं नाव घेणार आणि ते नाव आपलंच असणार, हे उत्तमराव अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसले होते. "तिनं कान धरला की मी इथून आशीर्वाद देणार."

उर्मिला मोबाइलवर तीच मैफल बघत होती. तानपुरे जुळले. नेत्रानं हात जोडले, मग तिचा उजवा हात कानाला गेला. इकडे उत्तमरावांचा हात वर झाला.

"मैंने जो कुछ सीखा है, सब गुरुजी से सीखा है," नेत्रा म्हणाली आणि बाजूला बसलेल्या दिल्लीच्या गुरुजींसमोर वाकली. लगेच आलाप सुरू झाला. दुसरं नाव नाही.

उत्तमरावांचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग मांडीवर आला.

उर्मिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. "सब? सब कुछ त्यांनी शिकवलं? काढा ते डोळ्यांवरचं. आधी काढा!"

"गप्प बस. गाणं चालू असताना कोणी उठतं का?"

आणि ते शेवटपर्यंत बसले. पाठ भरून आली तरी मांडी मोडली नाही. चांगली जागा आली की "वाह!" म्हणत होते, तेही मोठ्यानं. पोरगी गायली मात्र झकास. त्याचंच उर्मिलाला जास्त रडू आलं.

डबा काढून ते घाम पुसत होते, तेवढ्यात फोन आला. उर्मिलानं तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं आणि स्पीकर लावला.

"बाबा, नीट दिसलं ना?"

"अगं, अगदी समोर बसलो होतो. सुरेख गायलीस. फक्त सुरुवातीला आवाजच येत नव्हता. तू काहीतरी बोललीस ना, ते राहिलं. आलापापासून सगळं ऐकलं."

"हो का?" नेत्रा म्हणाली. मग तिनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं, बाबा."