पिवळी भिंत

कोलकात्यात बालीगंजच्या त्या हेरिटेज गल्लीत घरांचा मूळ बाहेरचा रंग बदलायला बंदी आहे. शेजारच्या म्हाताऱ्या माशीमांनी, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मावशींनी, भिंती हळदीसारख्या पिवळ्या केल्या, तेव्हा उदयने पालिकेत तक्रार दिली. "लग्नाचा मांडव वाटतो नुसता," तो बायकोला म्हणाला.

तपासनीसाने दोघांसमोर भिंत खरवडली. सगळ्या थरांच्या तळाशी तोच पिवळा निघाला. "तक्रार निकाली. इथे सही करा," म्हणत त्याने अर्ज पुढे केला. माशीमांनी चष्मा लावून तक्रारदाराचं नाव वाचलं, सही केली. उदय जमिनीकडे बघत राहिला.

मग तपासनीस उदयच्या नव्याकोऱ्या करड्या भिंतीकडे वळला. "आणि हा रंग कुणी सांगितला?"



"मी," माशीमा म्हणाल्या. "नवीन माणसं आहेत, त्यांना काय माहीत?"